दोन तास दहा मिनिटांची दिल्ली

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीचा वर्ग शेजारच्या गावात होता आणि एवढ्या लांब मुलीला कसं पाठवायचं, असं घरात ठरलं. तीन किलोमीटर होतं. ही वही माझ्या लेकीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणी वाचणार नाही, तरी माफी मागितली, कारण सवयच तशी आहे. कुणाच्या दारात गेले तरी मी आधी माफी मागते आणि मग काम सांगते. कधी कधी काम सांगायचं राहूनच जातं.

लेक आम्ही कऱ्हाटीला दिली. आमच्या शेळगावातून कऱ्हाटीला जायचं तर बारामतीत एसटी बदलावी लागते. आमच्याकडे स्थळ बघताना जमीन बघतात, विहीर बघतात, मुलाची नोकरी बघतात, पण त्याही आधी हे बघतात की सकाळची धार काढून निघालेला माणूस संध्याकाळच्या धारेला घरी येतो का. कऱ्हाटी त्यात बसत होती, म्हणून होकार दिला. लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोवर जावयाच्या कंपनीने त्याला दिल्लीला पाठवलं. विहीणबाईही लेकाबरोबर गेल्या. नव्या सुनेला दिल्लीत एकटीला संसार कसा जमणार, ही काळजी त्यांना होती. माझ्या लेकीला ती काळजी नसावी, पण तिला कुणी विचारलं नाही.

मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी धाकटे दीर आले. भाऊजींचं गावच्या फाट्यावर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. संगणक त्यांच्याकडे असल्याने घरातली सगळी अक्कलही त्यांच्याकडेच ठेवायला दिलेली आहे. त्यांनी संगणकात पुण्याचं विमानतळ टाकलं, दिल्लीचं विमानतळ टाकलं आणि जे आलं ते कागदावर छापून आणलं. नकाशा होता, त्यावर पुण्यापासून दिल्लीपर्यंत एक सरळ रेघ. खाली अंतर पावणेबाराशे किलोमीटर, वेळ दोन तास दहा मिनिटं.

“वहिनी, रडताय कशाला? कऱ्हाटीला जायाला आपल्याला तीन तास लागत्यात. दिल्ली दोन तास दहा मिनिटं. पोरगी लांब न्हाय गेली, जवळ आली.”

हिशोबात खोट काढण्याएवढं माझं शिक्षण नाही. मी डोळे पुसले. भाऊजींनी तो कागद कॅलेंडरच्या शेजारी डकवला आणि पुढचा महिनाभर येईल त्याला दाखवला. परतीचा वेळ दोन तास पाच मिनिटं का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की पुण्याकडं येताना थोडा उतार असतो.

श्रावण तोंडावर आला. लग्नानंतरची पहिली पंचमी लेकीने माहेरी करायची असते आणि तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो. त्याला आमच्यात मुराळी म्हणतात. एरवी भाऊ जातो. माझ्या लेकीला भाऊ नाही. ती एकटी विमानात बसून आली असती, फोनवर तसं म्हणालीही, पण विहीणबाईंनी मध्येच फोन घेतला आणि सांगितलं की मुराळी दारात आल्याशिवाय आमच्यात सून पाठवायची पद्धत नाही. म्हणजे एक माणूस इथून दिल्लीला उडणार, तिथून दोघं इकडे उडणार. विमानालासुद्धा वाटलं असेल, एवढ्या खेपा कशाला.

मुराळी म्हणून भाऊजी जाणार हे त्यांनी स्वतःच ठरवलं. लेक मला हळूच म्हणाली, “आई, तूबी ये. माझं घर बघून जा.” आजवर मी कुणाकडे काही मागितलं नाही, पण त्या रात्री जेवायला वाढताना मालकांना म्हटलं की मीही जाते. त्यांनी मान हलवली. त्यांना स्वतःला यायचं नव्हतं, दोन गायी होत्या. पेरूचे आलेले पैसे होते, त्यातून भाऊजींनी जायची दोन आणि यायची तीन तिकिटं काढली.

आणि इथे त्यांनी तो हिशोब केला. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आठला पुण्यातून निघायचं, दहा वाजून दहा मिनिटांनी दिल्ली. साडेपाचला दिल्लीतून परत. मधे सात तास. एका पोरीला घरातून उचलून आणायला सात तास म्हणजे पुष्कळ झाले, असं ते म्हणाले. कऱ्हाटीचा मुराळी जाऊन त्याच दिवशी येतो, दिल्ली तर त्याहून जवळ. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “विमानतळापासनं पोरीचं घर किती लांब हाय?”

“दिल्लीतच हाय की,” भाऊजी म्हणाले.

मालक गायींना वैरण टाकायला गेले.

आठच्या विमानासाठी आम्ही घरातून अडीचला निघालो. भाड्याच्या गाडीने पुण्याला पोचायला चार तास लागले. ते कागदावर नव्हते. पुण्यात उगाच बसून राहण्याचा दीड तास होता, तोही नव्हता. तपासणीच्या बाईने माझी पिशवी उघडली आणि लेकीसाठी नेलेली शेंगदाण्याची चटणी हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मी आधी तिची माफी मागितली. तिने चटणी परत दिली.

विमानात भाऊजींनी खिडकीची जागा घेतली, कारण मला खाली बघून भीती वाटेल. विमान हललं तसे त्यांनी डोळे मिटले आणि समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. मी त्यांच्या खांद्यावरून खाली बघितलं. मला शेतं दिसली, नंतर ढग दिसले. मध्येच त्यांना विचारलं, “भाऊजी, आता कुठं आलो आपण?” ते म्हणाले, “रेघंवरच हाय.” डोळे काही उघडले नाहीत.

विमान खरोखरच दोन तास दहा मिनिटांत पोचलं. विमानाला मी काही बोल लावणार नाही. त्याने आपलं काम केलं. बाकीचं काम आमचं होतं.

दिल्लीचं विमानतळ एवढं मोठं की आमच्या घरापासून कालव्यापर्यंत जेवढं चालावं लागतं, तेवढं आतल्या आत चालावं लागलं. जावई रजा काढून गाडी घेऊन आला होता. त्याला भाऊजींनी विचारलं, किती वेळ लागेल. तो म्हणाला, “मोकळा रस्ता असला तर दीड तास, न्हायतर दोन-सव्वादोन.” घर गाझियाबादच्या बाजूला होतं. भाऊजींनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, “शहर चांगलं हाय.” रस्ता मोकळा नव्हता. पोचलो तेव्हा एक वाजला होता.

लेक दारात उभी होती. बारीक झाली होती. मी तिच्या गालावरून हात फिरवला तशा विहीणबाई म्हणाल्या, “हितली हवा मानवली तिला.” लेकीची पिशवी पलंगाखाली भरून ठेवलेली मला दिसली. नंतर कळलं, आठ दिवसांपासून भरलेली होती.

विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आणि भाऊजींना म्हणाल्या, “पडा जरा घटकाभर, पाहुणं. प्रवास झाला. उद्या सकाळी निवांत निघा.”

आम्ही आजच परत जाणार हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भाऊजींना वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं त्यांनी. आणि सांगायचं असतं हे कऱ्हाटीच्या मुराळ्याला कुठे लागू होतं? तो सकाळी जातो, जेवतो, दुपारी लेकीला घेऊन निघतो. भाऊजी म्हणाले, “न्हाय, मुक्काम न्हाय करायचा. साडेपाचचं विमान हाय.”

विहीणबाईंनी चहाचे कप उचलले. मग मला म्हणाल्या, “विहीणबाई, मुराळी आल्या पावली परत निघाला, तर लोकं काय म्हणतील? आमी काय पोरगी पळवून आणलीया?”

गाझियाबादमध्ये कोण लोक काय म्हणणार होते ते मला समजलं नाही. पण मी म्हटलं, “चुकलंच आमचं.” त्यांनी ते मान्य केलं आणि आत जाऊन पुरणाला डाळ शिजत घातली.

पंचमीला आमच्यात तवा ठेवत नाहीत, म्हणून पुरणपोळी त्या दिवशीच व्हायला पाहिजे आणि मुराळी जेवल्याशिवाय उठायला नको, अशी ती सगळी गाठ होती. आम्हा तिघी बायकांना चतुर्थीचा उपवास, जावई सकाळीच जेवून निघालेला, तेव्हा जेवणारे एकटे भाऊजी. एका माणसासाठी डाळ शिजली, पुरण वाटलं, कणीक मळली, कटाची आमटी झाली. मी ओट्यापाशी बसून वेलदोडे सोलत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दोन वाजले. सव्वादोन. लेक दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती. तिला दिल्लीचे रस्ते माहीत होते. सुनेने बोलायचं नसतं, म्हणून ती बोलली नाही. तिला माझ्याकडून फक्त दोन शब्द पाहिजे होते, गाडी काढा. मी वेलदोडे सोलत राहिले. एवढे वेलदोडे एका गावजेवणाला पुरले असते.

जावई एकदा म्हणाला, “आई, उशीर होईल.” विहीणबाई म्हणाल्या, “दोन तासांचं तर विमान हाय, किती उशीर हुईल?” ह्यावर भाऊजींनी मान डोलावली, कारण दोन तासांचं विमान ही गोष्ट आपल्याशिवाय आणखी कुणाला माहीत आहे याचं त्यांना बरं वाटलं असावं.

अडीचला ताट आलं. भाऊजी चार पोळ्या जेवले. तिसरीला मी खाकरले, त्यांना वाटलं मला ठसका लागला, त्यांनी मला पाणी द्यायला सांगितलं. नंतर विहीणबाईंनी लेकीची ओटी भरली, माझी ओटी भरली, मला द्यायची साडी कपाटात सापडेना ती शोधली. सापडली ती दुसरीच. निघालो तेव्हा तीन वाजून गेले होते.

विमानतळावर पोचायला सव्वापाच झाले. खिडकीवरच्या मुलीने संगणकात बघून सांगितलं की ह्या विमानाचं काम बंद झालं. भाऊजी म्हणाले अजून पंधरा मिनिटं आहेत. ती म्हणाली एक तास आधी बंद होतं. मग ते तिला मराठीतून आणि हिंदीतून समजावत राहिले की विमान अजून उभं आहे, एक माणूस पळत जाऊन थांबवायला सांगू शकतो, आम्ही तिघं पळत जातो, सामान काही नाही. बारामतीच्या स्टँडवर हलत्या गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या की गाडी थांबते. त्या मुलीला पत्र्याचं काय ते कळलं नाही. ती आपली सॉरी सर म्हणत राहिली. माझी लेक खाली पिशवीवर बसली. पंचमी दुसऱ्या दिवशी होती. तिच्या मैत्रिणींनी लिंबाला झोका बांधून फोटो पाठवला होता.

तेवढ्यात मला माझा आवाज ऐकू आला. मी जावयाला म्हटलं, “बाबा, सकाळचं काही मिळतंय का बघ.”

त्याने मोबाइलवर बघितलं. सकाळी साडेदहाचं होतं. तिघांचे तेवीस हजार चारशे. ऐन वेळचा भाव. आमच्याकडे भाऊजींच्या खिशात दोन हजार आणि माझ्या बटव्यात सहाशे. जावयाने पैसे भरले. पोरीच्या घरचं पाणी पितानासुद्धा आमची जुनी माणसं विचार करायची, आणि मी जावयाच्या पैशाने विमानात बसणार होते. “नंतर बघू,” भाऊजी म्हणाले. अशा वेळी ते नेहमी हेच म्हणतात.

पुन्हा दोन तास गाडीत बसून गाझियाबाद. विहीणबाई दारात उभ्या होत्या. रागावल्या नाहीत, उलट चेहरा फुलला होता. मुराळ्याचा मुक्काम झाला होता. राहिलेल्या पोळ्या भाऊजींना पुन्हा वाढल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेवर पोचलो. म्हणजे इतक्या वेळेवर की विमानतळावर आमच्याआधी झाडूवाले होते. दुपारी पुणे, आणि संध्याकाळी पाच वाजता शेळगाव. लेकीने हातपायसुद्धा धुतले नाहीत, पिशवी पडवीत टाकली आणि झोक्याकडे पळाली. अंधार पडेपर्यंत तिचं हसणं मला चुलीपाशी ऐकू येत होतं. त्या एका संध्याकाळसाठी शेळगावातून दिल्लीला जाऊन यायला आम्हाला साडेअडतीस तास लागले होते. कॅलेंडरशेजारचा कागद तेव्हाही तिथेच होता. भाऊजींनी गावात सांगितलं की दिल्लीत धुकं पडल्यामुळे विमान चुकलं. श्रावणात धुकं. कुणीही काही विचारलं नाही, कारण संगणक त्यांच्याकडे आहे.

आठ दिवसांनी जावई येऊन लेकीला घेऊन गेला. मग फोनवर हळूहळू एकेक समजायला लागलं. पोळी करपली की विहीणबाई म्हणत, “करपू दे, आमी तर विमानात बी पैसं जाळलं.” भाजी महाग मिळाली की तेच. लेक मला हसत हसत सांगायची, पण हसून झालं की लगेच फोन ठेवायची. एकदा विहीणबाईंनीच फोन घेतला आणि गोड आवाजात म्हणाल्या, “विहीणबाई, दिवाळीला मुराळी पाठवायचं मनावर घेऊ नका. आमाला न्हाय परवडायचं.”

फोन ठेवला आणि मी कॅलेंडरवर दिवाळी कधी आहे ते बघितलं. पहिली दिवाळी होती. पैसे दिल्याशिवाय माझी लेक घरी येणार नव्हती, एवढं चौथी शिकलेल्या माणसालाही कळतं.

दुसऱ्या दिवसापासून मी शेजारच्या पेरूच्या बागेत कामाला गेले. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला फोमची जाळी चढवायची, वरून पिशवी घालून बांधायची. दिवसाला साडेतीनशे. मालकांनी अडवलं नाही. रोज संध्याकाळी ते एवढंच विचारत, “किती झालं?” भाऊजींना वाटेत मी दिसायची, तेव्हा ते मोटारसायकलवरून हात करायचे. एकदा थांबून म्हणाले, “वहिनी, ह्या वयात कशाला ऊन खाताय? मी विमान कंपनीला तक्रार केलीया. पैसं माघारी येत्यात बघा.” कंपनीचं उत्तरही आलं. त्यात त्यांनी आमचे आभार मानले होते.

चौतीस दिवस भरले तशी मी फाट्यावर भाऊजींच्या दुकानात गेले. मी त्या दुकानात कधी जात नाही, तिथे बाप्ये माणसं बसलेली असतात. त्या दिवशीही पाच-सहा जण पीकविम्याचे फॉर्म घेऊन बसले होते. मी दारात उभी राहिले. सवयीप्रमाणे माफी तोंडात आली होती, ती गिळली.

“भाऊजी, अकरा हजार सातशे माझं झालं. राहिलेलं अकरा हजार सातशे तुमचं.”

बसलेली माणसं फॉर्म लिहायची थांबली. भाऊजी हसले. “वहिनी, विमान काय मी मुद्दाम चुकवलं व्हय?”

“न्हाय. मी गप बसले, त्याचं निम्मं मी भरलं. पण चार पोळ्या मी न्हाय खाल्ल्या.”

कोपऱ्यातले एक तात्या मोठ्याने हसले आणि म्हणाले, “म्हंजी धुकं नव्हतं तर.” भाऊजींचे कान लाल झाले. त्यांनी गल्ला उघडला, पाच हजार मोजून दिले, बाकीचे बाजाराच्या दिवशी देतो म्हणाले. आणि दिले. त्यांना मी वाईट म्हणत नाही. घरी मात्र आठवडाभर चहाला आले नाहीत. चहापत्ती वाचली.

दसऱ्याला विहीणबाई कऱ्हाटीला आल्या होत्या, शेताचा हिशोब घ्यायला. मी एकटीच एसटीने गेले. बारामतीत गाडी बदलली, जागा मिळाली नाही, उभी राहिले. पैसे रुमालात बांधून पोलक्यात ठेवले होते आणि प्रत्येक थांब्यावर चाचपून बघत होते.

विहीणबाईंनी रुमाल बघितला आणि दोन्ही हात मागे घेतले. “अगं बया, हे कशाला? आपल्यात का असला परकेपणा?” मी रुमाल पुढे केला. “न्हाय न्हाय, आमी काय मागितलं व्हतं का?” मी रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला. त्या तिसऱ्यांदा नको म्हणाल्या आणि गाठ सोडली. बोट ओलं करून मोजायला लागल्या. एकदा मोजून झालं. मध्ये शेजारीण डोकावली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मी समोर बसून होते, चहा निवत होता. ह्या वेळी मला घाई नव्हती.

“बरोबर हायती,” त्या म्हणाल्या. नोटा सारख्या करत त्यांनी विचारलं, “दिवाळीला मुराळी कवा येणार?”

“वसुबारसला येईल,” मी म्हटलं. “मुक्कामाला.”

त्यांनी उठून लोखंडी कपाट उघडलं, तेवीस हजार चारशे रुपये साडीच्या घडीखाली सारले आणि किल्ली फिरवली. मग माझा रिकामा रुमाल नीट घडी करून मला परत दिला.